मुखचर्या आणि देह : प्रत्यक्ष की अनुमान?

मनुष्याच्या अंतःकरणातील भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतात आणि तो चेहरा पाहून ते ओळखता येतात, ही समजूत इतकी रूढ आहे की, तिला समजूत म्हणणेही अनेकांना विचित्र वाटेल. आपली भाषा या समजुतीस अनुकूलच आहे. चेहरा पडतो, खुलतो, उतरतो. निर्विकार माणसाच्या तोंडावरची माशीही हलत नाही. ‘मनात एक आणि चेहऱ्यावर एक’ अशी तक्रार आपण करतो, तीदेखील चेहऱ्याने मनाशी इमान राखावे ही अपेक्षा गृहीत धरूनच. परंतु याच भाषेत प्रयोगांचा दुसराही एक समूह आहे. संकटाची वार्ता ऐकून माणसाचे हातपाय गळतात, अपयशाने त्याची कंबर खचते, यशाने छाती फुगते, लाजेने मान खाली जाते. हे सारे प्रयोग देहाचे आहेत. त्यावरून एखादा सिद्धांत काढणे धाडसाचे होईल. तथापि गेल्या दोन दशकांत मुखचर्येच्या आकलनासंबंधी मानसशास्त्रात जे प्रयोग झाले त्यांचे परीक्षण करावयाचे असता हा दुसरा समूह दृष्टीआड करून चालणार नाही.

या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेला म्हणजे हिलेल अविएझर, याकोव ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला. तीव्र सुख आणि तीव्र दुःख यांतील भेद देहाच्या खुणांवरून कळतो, मुखचर्येवरून नव्हे, असे त्या निबंधाच्या मथळ्यातच म्हटलेले आहे. व्यावसायिक टेनिसपटूंची, महत्त्वाच्या सामन्यात गुण जिंकल्याच्या वा गमावल्याच्या क्षणी टिपलेली छायाचित्रे त्यांनी जमविली. काही प्रेक्षकांना केवळ चेहरा दाखविला, काहींना चेहरा पुसून टाकलेला देह, आणि उरलेल्यांना संपूर्ण चित्र. या माणसाची भावना सुखद आहे की दुःखद, हे एक ते नऊ या श्रेणीवर सांगावयाचे होते. ज्यांनी देह पाहिला त्यांना, आणि ज्यांनी संपूर्ण चित्र पाहिले त्यांनाही, जेता कोण आणि पराभूत कोण हे सहज कळले. ज्यांच्यासमोर केवळ चेहरा होता त्यांना ते कळले नाही. जेत्यांचे चेहरेही त्यांना दुःखीच वाटले. वाचकांपैकी कोणास हे खरे वाटत नसेल तर त्याने एखाद्या वृत्तपत्राचे क्रीडापृष्ठ घेऊन, गर्जना करणाऱ्या खेळाडूचे धड कागदाच्या तुकड्याने झाकून पाहावे. मिटलेले डोळे, आक्रसलेल्या भुवया, वासलेला जबडा एवढेच उरते, आणि ते वेदनेचेही असू शकते.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. संपूर्ण चित्र पाहणाऱ्यांना, तुम्ही हे कशावरून ओळखले, असे विचारले असता बऱ्याच जणांनी ‘चेहऱ्यावरून’ असे उत्तर दिले. जी माहिती चेहऱ्यात नव्हतीच ती चेहऱ्यात आपण पाहिली, अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती. नंतर संशोधकांनी जेत्याचा चेहरा पराभूताच्या धडावर आणि पराभूताचा चेहरा जेत्याच्या धडावर बसविला. प्रेक्षकांचा निर्णय धडाप्रमाणे बदलला. तोच चेहरा, त्याची एकही रेषा न बदलता, एकदा आनंदी ठरला आणि एकदा दुःखी. अशा प्रकारे चेहऱ्यावर आरोपित होणाऱ्या भावास लेखकांनी भ्रामक मुखभाव म्हटले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या निबंधाचे खरे धन ही संकल्पना होय; मथळ्यातील विधान नव्हे.

मथळ्याविषयी मतभेद नोंदविणे अवश्य आहे. पहिली गोष्ट अशी की, छायाचित्र हा काळाचा एक छेद असतो आणि मुखचर्या ही काळात घडणारी क्रिया आहे. गुण जिंकणाऱ्याची पहिली आरोळी आणि क्षणभराने उमटणारे हसू ही एकाच भावाची दोन पावले असतात. त्यांतील पहिलेच पाऊल उचलून, चेहरा काही सांगत नाही, असे म्हणणे म्हणजे वाक्याचा पहिला शब्द वाचून वाक्य निरर्थक ठरविण्यासारखे आहे. त्यातून ही छायाचित्रे वृत्तछायाचित्रकारांनी टिपलेली. संशोधकाने निवड करण्यापूर्वीच नाट्यमयतेच्या निकषावर एक निवड होऊन गेलेली असते, आणि संशोधकाच्या हाती येतात ते चेहरे मुळातच अतिरेकी क्षणांचे असतात. दुसरी शंका श्रेणीविषयी. सामना जिंकणे वेगळे आणि सामना चालू असता एक गुण जिंकणे वेगळे. अशा गुणानंतर खेळाडूच्या मनात निर्भेळ आनंद असतो, हे कशावरून? तेथे त्वेष असतो, प्रतिस्पर्ध्याला दिलेले आव्हान असते, कित्येकदा स्वतःवरचा राग नुकताच फिटलेला असतो. असा चेहरा पाहून प्रेक्षक ‘दुःखद’ बाजूकडे झुकला तर तो सर्वस्वी चुकला असे म्हणता येईल काय? सुख आणि दुःख या एकाच अक्षावर सारे मोजले म्हणजे त्वेषाला जागा उरत नाही. लेखकांनी विधानाला तीव्र भावांची मर्यादा घातली आहे आणि पुढील प्रयोगात शोक, वेदना, हर्ष यांचे प्रत्यक्ष जीवनातील चेहरेही घेतले आहेत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीसुद्धा ‘मुखचर्येवरून नव्हे’ हा निर्वाळा पुराव्याच्या मानाने फार मोठा आहे.

मात्र या आक्षेपांनी धडांच्या अदलाबदलीचा प्रयोग ढळत नाही. मूळ चेहऱ्यात त्वेष असो की आनंद, दोन धडांवर तो दोन प्रकारचा दिसला, एवढे निश्चित. आता प्रश्न उरतो तो या ‘दिसला’ शब्दाचा. देह पाहिल्यामुळे चेहरा खरोखरच निराळा दिसतो, की चेहरा होता तसाच दिसतो आणि त्याविषयीचे आपले अनुमान तेवढे बदलते? या प्रश्नास बगल देऊन निष्कर्षाकडे धावण्याची घाई या विषयावरील लेखनात पुष्कळ ठिकाणी आढळते, म्हणून तो येथे सविस्तर घेतला आहे.

प्रश्न जुना आहे. डार्विनने १८७२ साली मनुष्य व पशू यांच्या भावाभिव्यक्तीवर जो ग्रंथ लिहिला त्यात द्युशेन या फ्रेंच वैद्याच्या छायाचित्रांचा उपयोग केलेला आहे. एका वृद्धाच्या चेहऱ्याचे स्नायू विद्युत्प्रवाहाने उद्दीपित करून द्युशेनने ती छायाचित्रे घेतली होती. डार्विनने ती वीसाहून अधिक सुशिक्षित व्यक्तींना, काहीही स्पष्टीकरण न देता, दाखविली. काही चित्रांविषयी जवळजवळ सर्वांचे एकमत झाले, काहींविषयी मते पार विखुरली. या ठिकाणी डार्विनने जी कबुली दिली आहे ती त्याच्या शास्त्रीय प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना होय. द्युशेनचा मजकूर वाचत वाचत आपण ही चित्रे प्रथम पाहिली तेव्हा जवळजवळ सर्वच आपल्याला यथार्थ वाटली. पण मजकुरावाचून पाहिली असती तर त्यांतील काहींच्या बाबतीत आपणही इतरांसारखेच गोंधळलो असतो, अशा आशयाचे तो लिहितो. मजकूर वाचल्यावर चित्र यथार्थ ‘वाटले’, असे तो म्हणतो. मजकुरावरून अर्थ ‘काढला’, असे म्हणत नाही. अनुमानाची जाणीव त्यालाही झाली नव्हती. त्याच ग्रंथात, अतिशय हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आणि ओक्साबोक्शी रडून झालेला चेहरा यांत भेद दाखविणे जवळजवळ अशक्य आहे, असेही निरीक्षण आहे. २०१२ च्या निबंधाचे बीज तेथे सापडते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु अनुमानाची जाणीव नसणे म्हणजे अनुमान नसणे नव्हे. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच अबोध अनुमानाची कल्पना मांडून हा मार्ग बंद केला आहे. तेव्हा प्रेक्षकाच्या साक्षीवर विसंबता येत नाही. साक्षीखेरीज दुसरा पुरावा हवा. सुदैवाने तो काही प्रमाणात उपलब्ध आहे.

२०१२ च्याच निबंधातील शेवटच्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रातील मुखचर्येची नक्कल करावयास सांगितले होते. चेहरा एकच, धडे दोन. जेत्याच्या धडावरील चेहऱ्याची नक्कल करणाऱ्यांचे चेहरे, मूळ चित्र न पाहिलेल्या परीक्षकांना, अधिक प्रसन्न वाटले. याहून बोलका पुरावा २००८ चा आहे. अविएझर व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जुगुप्सेचा एकच चेहरा निरनिराळ्या देहांवर बसविला होता. मूठ उगारलेल्या देहावर तोच चेहरा बहुसंख्य प्रेक्षकांना क्रुद्ध वाटला. भयभीत देहाचा प्रभाव त्या मानाने पुष्कळच कमी पडला, कारण जुगुप्सेची मुखचर्या क्रोधाच्या मुखचर्येशी जितकी मिळतीजुळती आहे तितकी भयाच्या मुखचर्येशी नाही. देह चेहऱ्याला वाटेल तो अर्थ देऊ शकत नाही. चेहऱ्यात ज्या अर्थाची शक्यता आहे तोच तो वर काढतो. याच संशोधनात प्रेक्षकांच्या नेत्रगतीचीही नोंद घेतली होती. क्रुद्ध चेहरा पाहताना आपली दृष्टी डोळे व भुवया यांच्यावर अधिक रेंगाळते. जुगुप्सेच्या चेहऱ्यात ती वरच्या आणि खालच्या भागांत विभागली जाते. जुगुप्सेचा चेहरा क्रुद्ध देहावर बसविला तेव्हा दृष्टी क्रुद्ध चेहऱ्यावर फिरते तशी फिरू लागली. येथे अनुमानवाद्यांची थोडी अडचण होते. निर्णय बदलला एवढेच नव्हे, तर निर्णयासाठी डोळ्यांनी गोळा केलेली सामग्रीच बदलली.

काळाच्या बाजूनेही पुरावा आहे. मेरेन, व्हान हाइन्सबर्गन आणि द गेल्डर यांनी २००५ साली क्रोध आणि भय यांचे चेहरे व देह यांची सुसंगत आणि विसंगत सांगड घालून प्रेक्षकांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजल्या. प्रेक्षकांना केवळ चेहऱ्याकडे लक्ष देण्याची सूचना होती. देह त्यांच्या लेखी अप्रस्तुत होता. तरीही चेहरा व देह यांतील विसंगती सुमारे ११५ मिलिसेकंदांच्या आत लहरींमध्ये उमटली. इतक्या अल्प काळात सावकाश विचाराने केलेले अनुमान संभवत नाही. अर्थात अबोध अनुमानाला किती काळ लागतो हे कोणी ठरवून दिलेले नाही, तेव्हा हा पुरावा निर्णायक मानू नये.

प्रस्तुत लेखकाला या सर्वांत अधिक वजनदार वाटतो तो घुमन, मॅकडॅनिएल आणि मार्टिन यांनी २०१० साली ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध केलेला प्रयोग. भावाशी त्याचा संबंध नाही, म्हणूनच कदाचित वरील वादात त्याचा उल्लेख क्वचित येतो. एखादी वस्तू बराच वेळ पाहत राहिल्यावर दृष्टी तिला सरावते आणि नंतर पाहिलेली वस्तू उलट दिशेला झुकल्यासारखी दिसते. धबधब्याकडे टक लावून पाहिल्यावर बाजूचा खडक वर सरकताना दिसतो, तो याचा परिचित दाखला. पुरुषी चेहरे बराच वेळ पाहिल्यावर मधल्या वळणाचा चेहरा बायकी दिसू लागतो, हे आधीच ठाऊक होते. या संशोधकांनी चेहरा वगळून केवळ देह दाखविले. पुरुषांचे देह पाहिल्यावर मधल्या वळणाचा चेहरा अधिक बायकी दिसला, स्त्रियांचे देह पाहिल्यावर अधिक पुरुषी. विशिष्ट स्त्री-पुरुषांच्या वापरातील वस्तू दाखविल्या असता मात्र असा परिणाम झाला नाही. ही नकारात्मक बाजूच निर्णायक आहे. प्रेक्षकाच्या मनात केवळ ‘पुरुष’ ही कल्पना जागी झाल्याने चेहरा बदलत असता, तर पुरुषी वस्तूनेही तो बदलावयास हवा होता. तो बदलला तो देहानेच. शिवाय परिणामाची दिशा उलट आहे. पुरुषाचा देह पाहिल्यावर अनुमान करणारे मन चेहऱ्याला पुरुषाकडे ओढील, स्त्रीकडे ढकलणार नाही. चेहरा पाहणारी आणि देह पाहणारी यंत्रणा आतून कोठेतरी जोडलेल्या आहेत, आणि त्या जोडाचे ठिकाण अनुमानाच्या पायरीच्या खाली आहे, असे मानल्यावाचून या परिणामाची उपपत्ती लागत नाही.

येथे एक विरोध दिसतो. टेनिसपटूंच्या प्रयोगात देह चेहऱ्याला आपल्याकडे ओढतो. येथे दूर लोटतो. परंतु एका ठिकाणी देह आणि चेहरा एका माणसाचे म्हणून एकाच वेळी दिसतात, दुसऱ्या ठिकाणी देह आधी आणि चेहरा मागाहून, निराळ्या माणसाचा म्हणून येतो, हा भेद ध्यानात घेतला म्हणजे विरोध बराचसा मावळतो. दोन्ही परिणाम एकाच जोडाचे आहेत, असे मात्र कोणी सिद्ध झाल्यासारखे बोलू नये. भाव आणि लिंग यांच्या आकलनाचे मार्ग एकच असतील असे नाही.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा सारा वाद वाचताना पूर्वपरिचयाचा भास होणे अपरिहार्य आहे. भरताने सात्त्विक भावांच्या विवरणात अश्रूंची जी कारणे दिली आहेत त्यांत आनंद आहे, अमर्ष आहे, भय आणि शोक आहेत, तसेच धूर, अंजन, जांभई, थंडी आणि रोगही आहेत. एकच चिन्ह, आणि परस्परविरुद्ध कारणे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या चौथ्या उल्लासात याच गोष्टीचा तर्कशुद्ध उपयोग केला आहे. अश्रुपातादी अनुभाव शृंगाराचे तसेच करुणाचे आणि भयानकाचेही असू शकतात. म्हणजे एकेकटे घेतले असता ते अनैकांतिक होत. म्हणूनच सूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा एकत्र निर्देश केला आहे, असे त्याचे म्हणणे. सुटा चेहरा अनैकांतिक असतो, हा २०१२ च्या निबंधाचा निष्कर्ष या परिभाषेत एका वाक्यात बसतो. मात्र यावरून ‘हे आमच्याकडे आधीच होते’ अशी आरोळी ठोकण्याचे कारण नाही. मम्मट काव्यातील रसाविषयी बोलतो, प्रयोगशाळेतील प्रेक्षकाविषयी नव्हे. आणि भरताला देहपक्षाचा साक्षीदार म्हणून उभे करणाऱ्याने त्याचे मुखरागाविषयीचे प्रकरणही वाचावे. शाखा, अंगे आणि उपांगे यांनी युक्त असा अभिनयदेखील मुखरागावाचून शोभत नाही, असे तो तेथे सांगतो.

प्राचीनत्वाचे श्रेय बाजूला ठेवले तरी परिभाषेचा लाभ राहतोच. अविएझरच्या २००८ च्या प्रयोगांतील देहांकडे पाहा. एक देह मूठ उगारतो. दुसऱ्याच्या हातात घाणेरडे वस्त्र आहे. संशोधक दोहोंना सरसकट ‘संदर्भ’ म्हणतात. वस्तुतः उगारलेली मूठ हा क्रोधाचा अनुभाव आहे, आणि घाणेरडे वस्त्र हा जुगुप्सेचा विभाव. एक भावाचे कार्य, दुसरे त्याचे कारण. कार्यावरून कार्याचा अर्थ लावणे आणि कारणावरून कार्याचा अर्थ लावणे या भिन्न क्रिया आहेत; दुसरीत अनुमानाचा अंश पहिलीपेक्षा अधिक असण्याचा संभव आहे. देहामुळे चेहरा बदलतो असे म्हणताना देहाच्या हातातील वस्तूमुळे तो किती बदलतो, हे वेगळे करावयास हवे होते. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हच्या ज्या प्रयोगाचा या संदर्भात वारंवार दाखला दिला जातो, त्यात तर अभिनेत्याच्या निर्विकार चेहऱ्यानंतर सूपाची ताटली किंवा प्रेत दाखविले होते, म्हणजे निव्वळ विभाव. ती फीत आज उपलब्ध नाही आणि तिची वर्णनेही एकमेकांशी जुळत नाहीत; तिला या वादात साक्षीला आणणे थांबवावे हे बरे.

प्रत्यक्ष की अनुमान, हा प्रश्नही श्रीशंकुक आणि अभिनवगुप्त यांच्यातील वादात निराळ्या संदर्भात येऊन गेलेला आहे. शंकुकाच्या मते नटाच्या ठिकाणी दिसणाऱ्या कृत्रिम चिन्हांवरून स्थायी भाव अनुमित होतो. अभिनवगुप्ताला हे मान्य नाही. पण तो अनुमानाला सरसकट हद्दपारही करीत नाही. लौकिक व्यवहारात चिन्हांवरून इतरांच्या चित्तवृत्ती ओळखण्याचा अभ्यास ज्याचा दृढ झाला आहे, असा सहृदय रसास्वादाच्या वेळी अनुमानाच्या पायऱ्या चढत बसत नाही, अशी त्याची भूमिका आहे. हे विवेचन रसास्वादाचे आहे, शेजाऱ्याच्या मनःस्थितीच्या ज्ञानाचे नव्हे, ही मर्यादा राखूनही एक सूचना त्यातून घेता येते. अनुमान आणि प्रत्यक्ष ही दोन टोके मानून मधली जागा रिकामी सोडण्याचे कारण नाही. दीर्घ अभ्यासाने अनुमान दृष्टीत मुरते, आणि मग ते दृष्टीपासून वेगळे काढता येत नाही. २००८ च्या प्रयोगातील नेत्रगती हे अशा मुरलेल्या अनुमानाचे चिन्ह असू शकेल. २०१० च्या प्रयोगाला मात्र ही उपपत्ती पुरत नाही, हे वर दाखविलेच आहे.

हा वाद केवळ विद्यापीठीय राहिलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या अठराव्या आदेशातील बाराव्या नियमाने साक्ष चालू असता साक्षीदाराच्या वागण्याविषयी महत्त्वाचे वाटतील ते शेरे नोंदविण्याचा अधिकार न्यायालयास दिला आहे. आणि साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला अपील न्यायालये विशेष किंमत देतात, ती याच समजुतीने. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दूरदृश्य पद्धतीने साक्ष नोंदविण्यास मान्यता दिली, आणि तेव्हापासून ही पद्धत वाढतच गेली आहे. पडद्यावरच्या चौकटीत पुष्कळदा चेहरा आणि खांदे एवढेच येतात. भेदरलेल्या साक्षीदाराचा चेहरा आणि खोटे बोलणाऱ्याचा चेहरा यांतील निवाडा अशा चौकटीत अधिक अवघड होतो, ही एक बाजू. दुसरी बाजू कमी गंभीर नाही. न्यायालयाची पायरी प्रथमच चढणारा शेतमजूर हात जोडून, खांदे पाडून पिंजऱ्यात उभा राहतो. हे देहाचे वळण त्याच्या सामाजिक स्थितीने घडविलेले आहे, प्रश्नाच्या उत्तराशी त्याचा संबंध नाही. परंतु वरील प्रयोग खरे असतील तर ते वळण न्यायाधीशाला त्याच्या चेहऱ्यावर दिसेल, आणि शेरा लिहिला जाईल तो ‘चेहऱ्यावर अपराधी भाव होता’ असा. न्यायाधीश यात अप्रामाणिक नसेल. टेनिसपटूंचे प्रेक्षकही नव्हते. अशा शेऱ्याची उलटतपासणी पुढे कोणालाही करता येत नाही, कारण कागदावर चेहरा तेवढा उरतो आणि ज्या देहामुळे तो तसा दिसला तो देह नोंदीतून गळून गेलेला असतो. हात कसे होते, मान कशी होती, पडद्यावर किती दिसत होते, एवढे तरी त्या शेऱ्याशेजारी लिहिलेले असावयास हवे.